जीसी चालू असेल तरच क्रॅश: इंटरप्रीटरची मेमरी नक्की कोण खराब करतंय?

बाइटकोड_बंडू

मंडळी, सी मध्ये स्वतःची एक छोटी स्क्रिप्टिंग लँग्वेज लिहितोय. बाइटकोड (स्क्रिप्टवरून बनलेल्या सूचना), तो चालवणारा स्टॅकवरचा व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, फंक्शन्स, क्लोजर, मॅप, अ‍ॅरे सगळं चालतंय, पण मेमरीने डोक्याचा पार भुगा केलाय.

आधी रचना सांगतो. गार्बेज कलेक्टर (जीसी, न लागणारी मेमरी आपोआप परत घेणारा भाग) साधा मार्क अँड स्वीप आहे, म्हणजे वापरात असलेल्या ऑब्जेक्टवर खूण करायची आणि बाकीचे झाडून टाकायचे. किती बाइट्स वाटले ते मोजत जातो, मर्यादा ओलांडली की कलेक्शन, सुरुवातीची मर्यादा १ एमबी आणि नंतर जेवढं जिवंत उरेल त्याच्या दुप्पट. ५१२ बाइट्सपर्यंतच्या ऑब्जेक्टसाठी पायथनचं बघून स्वतःचा मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर लिहिलाय, १६-१६ बाइट्सच्या पायरीने साइज क्लास, प्रत्येक क्लासची आपापली फ्री लिस्ट (रिकाम्या ब्लॉकची साखळी), लिस्ट संपली की सी च्या मॅलॉककडून ६४ केबीचा तुकडा आणायचा आणि कापून वाटायचा. ५१२ च्या वर सरळ मॅलॉक.

आता रडगाणं. एक स्क्रिप्ट आहे, टेक्स्ट फाइल वाचते, शब्द वेगळे करते, मॅपमध्ये मोजते. छोटी फाइल दिली की सगळं बरोबर, मोठी दिली की सेगफॉल्ट (चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वापरल्यामुळे होणारा क्रॅश), आणि तोही एका जागी नाही, फाइलमध्ये एखादी ओळ वाढवली की क्रॅशची जागा बदलते. कधी मार्क फंक्शनमध्ये, कधी प्रिंटमध्ये, कधी दोन स्ट्रिंगची तुलना करताना. एकदा तर क्रॅश झालाच नाही, नुसती मोजणी चुकीची आली आणि प्रोग्राम शहाण्यासारखा संपला, मला तर त्याचीच जास्त भीती वाटली.

करून पाहिलेल्या गोष्टी: जीसी पूर्ण बंद केला तर मेमरी फुगते पण उत्तर बरोबर येतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून बघितला, तो फक्त सेगफॉल्ट झाला एवढंच सांगतो, आधी काय बिघडलं ते नाही. वॅलग्राइंड या तसल्याच दुसऱ्या टूलचंही तेच. संशयित ठिकाणी प्रिंट टाकले की क्रॅशच गायब!! जीडीबी या डीबगरमध्ये क्रॅशच्या वेळी ऑब्जेक्ट उघडून बघितला तर टाइप फील्डमध्ये ० ते ९ मधलं काहीतरी हवं, तिथे भलतंच असतं. वेगवेगळ्या वेळचे नमुने हेक्समध्ये देतो: ए४००१२६०, ए४००३बी८०, ए४००२एफ२०.

मला वाटतंय अ‍ॅलोकेटरच गंडलाय आणि शेजारचा ऑब्जेक्ट हद्द ओलांडून याच्या हेडरवर (सुरुवातीच्या माहितीवर) लिहितोय. अ‍ॅलोकेटर फेकून नव्याने लिहू का?

फ्रीलिस्ट

अजिबात नका लिहू. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल.

तुम्ही दिलेले आकडे नीट बघा. तिन्हींच्या शेवटी शून्य आहे. हेक्समध्ये शेवटचा अंक शून्य म्हणजे १६ ने भाग जाणारी संख्या, आणि तुमचे सगळे ब्लॉक १६ च्या पटीतल्या पत्त्यावर बसतात. शेजारच्या स्ट्रिंगने हद्द ओलांडली असती तर तिथे अक्षरांचे बाइट्स दिसले असते, इंग्रजी छोटी अक्षरं असतील तर ६१ ते ७ए च्या दरम्यानचे, स्पेस असेल तर २०. इथे तिसऱ्या आकड्यातला एक २० सोडला तर तसं काही नाही.

माझा अंदाज असा की रिकाम्या ब्लॉकच्या पहिल्या ८ बाइट्समध्ये तुम्ही पुढच्या रिकाम्या ब्लॉकचा पत्ता ठेवता (बहुतेक सगळे तसंच करतात), आणि ऑब्जेक्टच्या हेडरमध्ये टाइप हे पहिलं फील्ड आहे, ४ बाइट्सचं. मशीन लिटल एंडियन (संख्येचे खालचे बाइट्स मेमरीत आधी), त्यामुळे टाइप म्हणून तुम्ही जे वाचताय तो त्या पत्त्याचा खालचा अर्धा भाग आहे. म्हणजे तो कचरा नाहीच, ती फ्री लिस्टची कडी आहे. ऑब्जेक्ट कधीच स्वीप होऊन लिस्टमध्ये परत गेलाय आणि कोणीतरी अजून त्याचा पॉइंटर धरून बसलंय. मोजणी चुकली ती बहुधा त्याच ब्लॉकमध्ये तोवर दुसरी स्ट्रिंग येऊन बसल्यामुळे, टाइप बरोबर आणि मजकूर परका, मग क्रॅश कशाला होईल.

सॅनिटायझर गप्प का बसला तेही यातच आलं. त्याच्या दृष्टीने ६४ केबीचा अख्खा तुकडा म्हणजे मॅलॉकने दिलेला एकच जिवंत ब्लॉक. आतमध्ये तुम्ही कोणाला काय वाटलं आणि काय परत घेतलं हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून पहिलं काम, एक बिल्ड स्विच टाका की छोटे ऑब्जेक्टसुद्धा थेट मॅलॉक आणि फ्रीकडे जातील. हे जुगाड वाटेल पण मोठे लोक हेच करतात. पायथनमध्ये ३.६ पासून पायथनमॅलॉक नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, त्याला मॅलॉक ही किंमत दिली की त्यांचा छोट्या ऑब्जेक्टचा अ‍ॅलोकेटर बाजूला होतो. पीएचपीत झेंड या त्याच्या इंजिनच्या मेमरी मॅनेजरला बंद करायला असाच एक व्हेरिएबल आहे, शून्य दिलं की झालं, वॅलग्राइंड लावायच्या आधी ते करावंच लागतं नाहीतर हाती काही लागत नाही.

आणि प्रिंट टाकल्यावर क्रॅश गायब होतो त्यात जादू नाही. तुमचा प्रिंट व्हॅल्यूची स्ट्रिंग बनवण्यासाठी स्वतःच्याच हीपमधून मेमरी घेत असणार, म्हणजे मर्यादा ओलांडण्याचा क्षण सरकतो आणि कलेक्शन दुसरीकडेच होतं. डीबग करताना सरळ सी च्या प्रिंटएफने पत्ता आणि टाइप छापा, व्हीएममधलं काही बोलवू नका.

जुना_सी_वाला

वरच्यांचं निदान पटलं, पण नुसता अ‍ॅलोकेटर बाजूला करून भागणार नाही. तुझा जीसी १ एमबी भरल्यावर एकदा चालतो, आणि ज्या नाजूक क्षणी तो चालायला नको नेमका त्याच क्षणी चालला तरच बग दिसतो. तू त्या योगायोगाची वाट बघत बसलायस. वाट बघू नकोस, योग रोज आण. स्ट्रेस मोड टाक: एक फ्लॅग, तो चालू असला की प्रत्येक वाटपाच्या आधी पूर्ण कलेक्शन करायचं, मर्यादा वगैरे काही बघायची नाही. आणि लक्षात ठेव, फक्त नवा ऑब्जेक्ट बनवतानाच नाही, अ‍ॅरेचा किंवा मॅपचा बफर रीअ‍ॅलॉकने (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं सी चं फंक्शन) वाढवतो तिथेपण, कारण तुझे बाइट्स तिथेही मोजले जातात म्हणजे कलेक्शन तिथूनही सुटू शकतं. नव्वद टक्के लोक ही दुसरी जागा विसरतात (टक्केवारी माझ्या मनाची, पण समजून घे).

प्रचंड स्लो होईल, मोठी फाइल देऊ नकोस, चार ओळींची स्क्रिप्ट दे. रूबीत याच कामासाठी जीसी डॉट स्ट्रेस आहे, ट्रू केलं की शक्य तिथे प्रत्येक वाटपाला जीसी चालतो. लुआच्या सोर्समध्येही हार्ड-मेम-टेस्ट्स नावाचा मॅक्रो आहे, टेस्ट बिल्डमध्ये तो लावला की जिथे जीसी चालू शकतो तिथे तो चालतोच.

सोबत अजून एक, ऑब्जेक्ट स्वीप केला की त्याचे सगळे बाइट्स एखाद्या ठरलेल्या नमुन्याने भरून टाक. पायथनचा डीबग अ‍ॅलोकेटर नवीन दिलेल्या मेमरीत हेक्स सीडी भरतो, फ्री केलेल्यात डीडी, आणि ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एफडीचं कुंपण घालतो (३.८ च्या आधी सीबी, डीबी, एफबी होतं, जुने लेख वाचशील तर गोंधळ नको). मग जीडीबीत डीडीडीडी दिसलं की मेलेला ऑब्जेक्ट, सीडीसीडी दिसलं की घेतला पण भरला नाही, आणि कुंपण मोडलं असेल तर खरंच कोणीतरी हद्द ओलांडली. तिन्ही आजार डोळ्यांनी वेगळे दिसतात, तीच तर गंमत आहे.

अर्धाबाइट

मी म्हणतो कशाला एवढा उपद्व्याप, रेफरन्स काउंटिंग करून टाक ना, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत ते मोजायचं, शून्य झालं की सोडायचा. पायथन चालतंय की तीस वर्षं त्याच्यावर. मार्क अँड स्वीपमध्ये सी च्या लोकल व्हेरिएबलमधले पॉइंटर रूट (खूण करायला जिथून सुरुवात होते ती जागा) म्हणून सापडत नाहीत हेच तर मूळ दुखणं आहे, काउंटिंगमध्ये तो प्रश्नच येत नाही. नाहीतर सी चा स्टॅकच स्कॅन कर, जे काही पॉइंटरसारखं दिसेल ते जिवंत धर, मोकळा हो.

जुना_सी_वाला

@अर्धाबाइट काउंटिंगमध्ये रडायची जागा बदलते एवढंच. पायथनच्या सी एपीआयमध्ये पायलिस्ट-सेटआयटम तुमचा रेफरन्स स्वतःकडे घेतं आणि पायलिस्ट-अपेंड घेत नाही, स्वतःचा वेगळा वाढवतं. नवा आकडा बनवून थेट अपेंडला दिला आणि आपला रेफरन्स सोडायला विसरलात की लीक (मेमरी कधीच परत मिळत नाही), सेटआयटमला देऊन वर परत सोडलात की मेलेला ऑब्जेक्ट. दोन्ही लिस्टच्याच गोष्टी, दोन्हींचे नियम वेगळे, आणि कंपायलर एक शब्द बोलत नाही. शिवाय गोल गोल रेफरन्स असले की काउंट शून्य होतच नाही, म्हणून पायथनला २.० पासून त्याच्यासाठी वेगळा जीसी ठेवावाच लागला.

स्टॅक स्कॅनचं ठीक आहे, रूबी तेच करते. पण तिथेही ऑप्टिमायझर शहाणपणा करतो, तुम्ही स्ट्रिंगच्या आतल्या बफरचा पॉइंटर वापरत असाल आणि मूळ स्ट्रिंग पुढे कुठे लागत नसेल तर तो मूळ पॉइंटर रजिस्टरमधून उडवतो, स्कॅनला काही सापडत नाही आणि स्ट्रिंग जाते. म्हणून तर रूबीला आरबी-जीसी-गार्ड नावाचा मॅक्रो द्यावा लागला. फुकट काही मिळत नाही राव. याने आहे तेच दुरुस्त करावं.

सेगफॉल्ट_सम्राट

लिनक्सवर असाल तर आरआर वापरा, मोझिलात सुरू झालेला रेकॉर्ड-रिप्ले डीबगर. एकदा क्रॅश रेकॉर्ड केला की तीच रन हवी तितक्या वेळा चालवता येते, पत्तेसुद्धा तेच राहतात. क्रॅशवर थांबा, त्या बिघडलेल्या टाइप फील्डच्या पत्त्यावर वॉचपॉइंट (तिथे कोणी लिहिलं की थांबायची खूण) लावा आणि रिव्हर्स-कंटिन्यू म्हणा. उलटं धावत जाऊन त्या बाइट्सवर शेवटचं कोणी लिहिलं तिथेच थांबतो. तुमच्या केसमध्ये तो स्वीपमध्ये थांबेल, मग बॅकट्रेस (कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी) घ्या, कलेक्शन कोणी सुरू केलं ते खालच्या फ्रेममध्ये लिहिलेलं असेल. प्रिंट टाकायची गरजच नाही.

बाइटकोड_बंडू

सापडला!! म्हणजे एक तरी.

@फ्रीलिस्ट टाइप पहिलंच फील्ड आहे आणि फ्री लिस्टचा पॉइंटरही तिथेच बसतो, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. छोटे ऑब्जेक्ट थेट मॅलॉकवर टाकले, स्ट्रेस फ्लॅग टाकला, आणि एका वाक्याचे शब्द वेगळे करणारी एवढीशी स्क्रिप्ट दिली. आठ शब्द असले तर नीट, नवव्या शब्दाला ढुस्स, दरवेळी, न चुकता. आणि या वेळी सॅनिटायझर घडाघडा बोलला: वाचलं मार्क फंक्शनने, ब्लॉक घेतला होता सबस्ट्रिंगने, आणि फ्री केला त्याचा स्टॅक वरून खाली असा होता, स्वीप, कलेक्ट, रीअ‍ॅलॉकचं माझं रॅपर, अ‍ॅरे-अपेंड, स्प्लिट.

म्हणजे झालं असं की स्प्लिट ८ जागांचा अ‍ॅरे बनवतं आणि तो व्हीएमच्या स्टॅकवर ठेवतं, तो सुरक्षित. मग लूपमध्ये सबस्ट्रिंग बनवून थेट अपेंडला देतं. नवव्या शब्दाला अ‍ॅरे भरलेला, अपेंड आधी बफर वाढवतं, त्यातून कलेक्शन सुटतं, आणि ती नवी स्ट्रिंग त्या क्षणी ना स्टॅकवर ना अ‍ॅरेत, फक्त सी च्या एका लोकल व्हेरिएबलमध्ये. मार्करला ती दिसतच नाही. स्वीप तिला उचलतो, अपेंड परत येऊन मेलेला पॉइंटर ऐटीत अ‍ॅरेत ठेवतं आणि पुढच्या कलेक्शनला बोंब. आता कळलं मोठ्या फाइललाच का व्हायचं, अ‍ॅरे नेमका भरलेला असणं आणि नेमकी तेव्हाच मर्यादा ओलांडणं, दोन्ही एकत्र जुळायला लागायचं.

उपाय साधा: स्ट्रिंग आधी स्टॅकवर पुश (ठेवायची), मग अपेंड, मग पॉप (काढायची). एवढ्याने शब्द मोजणारी स्क्रिप्ट स्ट्रेसमध्येही नीट चालतेय.

पण आता सॉर्टची टेस्ट फुटतेय, तीही मोठ्या रिकर्शनमध्येच. कंपॅरिझनसाठी स्क्रिप्टमधलं फंक्शन दिलं तरच. तिथे तर मी सगळं पुश केलेलं आहे.

फ्रीलिस्ट

सॉर्ट नेटिव्ह, म्हणजे सी मध्ये लिहिलेलं फंक्शन आहे ना? त्याला आर्ग्युमेंट्स कसे देता? व्हीएमच्या स्टॅकमध्ये जिथे ते आहेत त्या जागेचा पॉइंटर देत असाल तर घोळ तिथे आहे, आणि याचा जीसीशी काही संबंध नाही. सॉर्ट तुमच्या स्क्रिप्ट फंक्शनला बोलावतं, ते रिकर्शन करतं, स्टॅक कमी पडतो, रीअ‍ॅलॉक त्याला दुसरीकडे हलवतो, आणि सॉर्टच्या हातातला पॉइंटर जुन्या घराचा पत्ता होऊन बसतो. पुश कितीही केलंत तरी तो पॉइंटर जुनाच.

दोन उपाय. एक तर स्टॅकमधल्या जागेचा पॉइंटर कधीच साठवायचा नाही, तळापासूनचं अंतर साठवायचं आणि दरवेळी त्यावरून पत्ता काढायचा. लुआ आतमध्ये हेच करतं, सेव्हस्टॅक आणि रिस्टोअरस्टॅक नावाचे मॅक्रो आहेत, स्टॅक हलू शकेल अशा कॉलच्या आधी पॉइंटरचं अंतर करून ठेवतात आणि नंतर परत पॉइंटर करतात. दुसरा उपाय म्हणजे स्टॅकची जागा सुरुवातीलाच मोठी घेऊन ठेवायची आणि कधीच हलवायची नाही, रिकर्शन त्यापलीकडे गेलं की एरर. खरं सांगू का, छोट्या लँग्वेजला दुसराच परवडतो.

पहिला घेतलात तर स्टॅकलाही स्ट्रेस मोड हवा. सुरुवात चार जागांपासून, वाढ एकेकाने, आणि प्रत्येक वाढीला मुद्दाम नवी जागा घेऊन कॉपी करून जुनी फ्री. साधं रीअ‍ॅलॉक बऱ्याचदा जागेवरच वाढवतं आणि बग लपवतं. लुआत याचाही वेगळा मॅक्रो आहे, हार्ड-स्टॅक-टेस्ट्स.

बाइटकोड_बंडू

तेच निघालं, आर्ग्युमेंट्सचा पॉइंटर. स्टॅक फिक्स करून टाकला, अंतरवाला प्रकार सगळ्या नेटिव्ह फंक्शनमध्ये घालायचा धीर नाही.

एक शेवटचं, मूळ प्रश्नात नव्हतं पण विचारून घेतो. सगळं सोडून दिल्यावर माझी मोजणी म्हणते काही केबी जिवंत आहेत, पण टॉप कमांडमध्ये प्रोसेसची मेमरी तशीच फुगलेली दिसते. लीक आहे का?

जुना_सी_वाला

बहुतेक नाही. तुझा ६४ केबीचा तुकडा तू मॅलॉकला परत कधी देतोस? कोडमध्ये ती ओळ तरी आहे का बघ. आणि असली तरी एका तुकड्यात एक ३२ बाइट्सचा ऑब्जेक्ट जिवंत असला की अख्खा तुकडा अडकतो. पायथनचंही तसंच, त्यांचा अरेना (तुझ्या तुकड्यासारखाच मोठा तुकडा) आधी २५६ केबीचा होता, ३.१० पासून १ एमबीचा, आणि त्यातला शेवटचा पूल (अरेनाचा छोटा भाग) रिकामा झाल्याशिवाय अरेना परत जात नाही. शिवाय तू फ्री केलंस तरी जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) लगेच ऑपरेटिंग सिस्टिमला परत देईलच असं नाही, सहसा पुढच्या मागणीसाठी ठेवून घेतं. मॅलॉक-ट्रिम (ठेवून घेतलेली मेमरी परत द्यायला लावणारं फंक्शन) बोलावून बघ, आकडा खाली आला तर लीक नाही.

खरा लीक हवा असेल तर तीच स्क्रिप्ट एका प्रोसेसमध्ये लूपमध्ये चालव. पहिल्या काही फेऱ्यांत वाढून आकडा सपाट झाला तर सोडून दे, प्रत्येक फेरीला चढत गेला तर मग शोध.

मात्र तुझ्या मोजणीवर लगेच विश्वास ठेवू नकोस. वाटताना किती मिळवतोस आणि फ्री करताना किती वजा करतोस? एकीकडे साइज क्लासला वर ओढलेला आकडा आणि दुसरीकडे मूळ मागितलेला असं असेल तर मोजणी हळूहळू सरकते. जास्त वजा होत असेल तर तर मजाच, अनसाइन्ड व्हेरिएबल शून्याखाली जाऊन अवाढव्य आकडा होतो आणि मग प्रत्येक वाटपाला कलेक्शन, लोक म्हणतात जीसी स्लो आहे. लुआमध्ये अ‍ॅलोकेटर म्हणजे एकच फंक्शन असतं आणि फ्री करतानाही त्याला जुनी साइज हातात दिली जाते, त्यामुळे वजाबाकी चुकायला वाव कमी. तसं करता आलं तर कर.

सेगफॉल्ट_सम्राट

जाता जाता, अपेंड झालं तसं मॅपचं सेटही बघून घ्या. की पुश केलेली असते आणि व्हॅल्यू राहून जाते, टेबल वाढताना हमखास व्हॅल्यूचा ऑब्जेक्ट तिथेच जातो.

बाइटकोड_बंडू

@सेगफॉल्ट_सम्राट आत्ता बघितलं, मॅप लिटरलमध्ये दोन्ही स्टॅकवर आहेत, पण जेसन वाचणाऱ्या नेटिव्ह फंक्शनमध्ये व्हॅल्यू उघडीच होती. स्ट्रेसमध्ये दुसऱ्याच की ला फुटलं. वजाबाकीही चुकतच होती, वाटताना ४८ मिळवायचो आणि सोडताना ४० वजा करायचो. आता दोन्हीकडे ४८.